वर चढणाऱ्या रेषांचा भास

दोन आकडे वर्षानुवर्षे एकाच दिशेने चालू लागले, की त्यांच्यात नाते असल्याचा भास होतो. १९२६ मध्ये यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील मृत्युदर आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने होणाऱ्या विवाहांचे प्रमाण यांच्यात ०.९५ इतका सहसंबंध दाखवून या भ्रमाची पुरती शोभा केली. आपल्या वित्तीय चर्चेत मात्र अशी जोडलेली आलेखचित्रे अजूनही पुरावा म्हणून मिरवतात.

पैशाचा पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, भाववाढ या सगळ्या श्रेणी भटक्या असतात. त्या ठरावीक सरासरीकडे परतत नाहीत. पण दोन भटक्या श्रेणी एका जुवाला जुंपलेल्या असू शकतात. एक पुढे गेली, की जू तिला मागे खेचते. एंगल आणि ग्रेंजर यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या ‘कोइंटिग्रेशन’ कसोटीचे सार हेच. जू नसेल, तर उरतो तो यूलचा विनोद.

सुखमय चक्रवर्ती समितीचा अहवाल १९८५चा, म्हणजे या कसोटीच्या आधीचा. पैशाची मागणी उत्पन्नाशी स्थिरपणे बांधलेली आहे, या गृहीतकावर रिझर्व्ह बँकेने पैशाच्या वाढीची उद्दिष्टे आखली आणि एप्रिल १९९८ मध्ये त्यांऐवजी अनेक निर्देशकांकडे पाहण्याची पद्धत स्वीकारली. उदारीकरणानंतर परकी भांडवल येऊ लागले, बँकांबाहेरचे पर्याय वाढले. माझ्या मते इथला धडा बारीक आहे: दीर्घकालीन नाते खरे असूनही यंदाच्या धोरणाला निरुपयोगी ठरू शकते. जू पाच वर्षांनी खेचत असेल, तर या वर्षी व्याजदर सोसणाऱ्या लघुउद्योजकाला त्याचा काय आधार?

रोख चलनाचेच पाहा. नोटाबंदीपूर्वी ते सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १२ टक्के होते. मार्च २०१७ मध्ये ९ टक्क्यांच्या आत उतरले. २०१९-२० पर्यंत पुन्हा १२च्या आसपास आले. महासाथीत ते १४ टक्क्यांपलीकडे गेले, मग ओसरले. दोन्ही धक्के पचवून प्रमाण जुन्या जागी येते, हे पाहून जू शाबूत आहे असे म्हणण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. मधल्या काळात यूपीआय घरोघरी पोहोचले. महासाथीत तर आकड्याचा छेदच आक्रसला होता. तोच आकडा परतला, म्हणून नातेही तेच आहे, असे होत नाही. शिवाय १९५०-५१ पासूनची वार्षिक निरीक्षणे जेमतेम सत्तर-पंचाहत्तर, आणि वारंवार बदललेल्या आधारवर्षांच्या मालिका सांधलेल्या. कसोटीला सापडलेला तुटवडा अर्थव्यवस्थेतला की सांध्यातला, हे सांगणे अवघड.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. नाशिक, देवास, म्हैसूर आणि साल्बोनीच्या छापखान्यांकडे दरवर्षी किती नोटांची मागणी नोंदवायची, ते अशाच अंदाजांवरून ठरते.