फरसाणाच्या खोक्यातला ससा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना सांडलेले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ वेचून काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

ऑडिओ ऐकला असेल तर मधेच एक ‘धप्प’ असा आवाज येतो. माइक पडला नव्हता. सशाने मागचा पाय आपटला होता. का आपटला, ते पुढे येईलच.

तर एप्रिलमधली गोष्ट. पुण्यात उन्हाने जीव नकोसा झालेला. संध्याकाळी ऑफिसमधून आले तर गेटवर वॉचमनकाका म्हणाले, “ताई, तुम्ही मांजरांना खायला घालता ना, मग हे पण बघा.” पार्किंगच्या कोपऱ्यात फरसाणाचं रिकामं खोकं, आणि आत पांढरं, लाल डोळ्यांचं, मुठीपेक्षा जरासं मोठं पिल्लू. शेजारी अर्धं गाजर आणि ब्रेडची स्लाइस. कोणीतरी हौसेने आणलं असणार आणि हौस फिटली असणार.

इथे एक गोष्ट आधीच सांगते. पांढरा ससा म्हणजे पाळीव, त्यात शंका नाही. पण माळावर, शेतात तुम्हाला तपकिरी पिल्लू एकटंच बसलेलं दिसलं, तर ते बहुधा रानससा असतं, आणि ते अनाथ नसतं! रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांना गवतात लपवून दूर जाते, दूध पाजायला तेवढी परत येते. त्याला उचलू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. जखमी असेल तर वन विभागाला कळवा.

आता माझ्या चुका. पहिल्या रात्री मी त्याला मांडीवर घेतलं. हललंसुद्धा नाही. मी व्हिडिओ काढून आईला पाठवला, “बघ, लगेच रुळलं.” आई म्हणाली, “अगं, ते घाबरलंय.” आईने आयुष्यात ससा पाळलेला नाही, पण कळलं तिलाच. ससा हा सगळ्यांचा घास असलेला प्राणी. पळायला वाट नसेल तर तो थिजतो. पाठीवर झोपवल्यावर ससा ‘झोपतो’ असे व्हिडिओ फिरत असतात ना, ती झोप नसते, भीतीने आलेली बधिरता असते. मी दोन दिवस त्याला हातात घेऊन फिरले, मैत्रिणींना दाखवलं, गाजर भरवलं. गाजरात साखर, ब्रेडमध्ये स्टार्च, आणि गवताची एक काडी घरात नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. रात्री अकराला लक्षात आलं की सकाळपासून एकही लेंडी नाही.

हे जरा नीट सांगते, कारण याच ठिकाणी ससे जातात. सशाच्या पोटात सीकम नावाची मोठी पिशवी असते, तिथे जिवाणू गवत आंबवतात. गवतातले जाड तंतू आतडं सतत हलतं ठेवतात. तंतू कमी पडले, किंवा भीती, वेदना, ऊन यांचा ताण आला, की आतडं मंदावतं. मग वायू साठतो, पोट दुखतं, पोट दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेडलॉक. त्यात सशाला उलटी करता येत नाही. दहा-बारा तास ससा खात नसेल तर ती इमर्जन्सी समजायची, ‘सकाळी बघू’ चालत नाही.

पहिल्या दवाखान्याने फोनवर नेमकं तेच सांगितलं: ससा आहे ना, सकाळी आणा. दुसरीकडे एक डॉक्टर भेटल्या, सशांवर नेहमी उपचार करणाऱ्या. त्यांनी आधी पोट चाचपून, एक्स-रे काढून आतडं कुठे तुंबलेलं नाही ना ते पाहिलं. मग कातडीखाली सलाइन, वेदनाशामक, ऊब, आणि सिरिंजने थोडाथोडा पातळ केलेला चारा. मला दटावलंही, आणि बरोबरच होतं. पहाटे पाचच्या सुमाराला टॉवेलवर तीन लेंड्या पडल्या. मोहरीएवढ्या. मी रडले. लेंड्यांवर रडलेली मी आमच्या घराण्यातली पहिलीच असेन.

त्या दिवसापासून त्याचं नाव फरसाण. (फरसाण त्याला वर्ज्य आहे.)

खाण्याचं थोडक्यात: ताटातला मोठा भाग वाळलेलं गवत, दिवसभर समोर असायलाच हवं. दात जन्मभर वाढत राहतात, गवत चावूनच ते झिजतात. सहा-सात महिन्यांपर्यंत लसूणघास चालतो, पुढे कमी करायचा, त्यात कॅल्शियम फार. कोथिंबीर, हरळी हळूहळू सुरू करायची, एका वेळी एकच नवी गोष्ट. पाणी जड वाडग्यात. गाईचं दूध नको. डोळेही न उघडलेलं पिल्लू मिळालं तर प्रयोग न करता थेट डॉक्टरांकडे. आणि पहाटे तो स्वतःच्या मऊ, चकचकीत लेंड्या खाताना दिसला तर ओरडू नका, ती सीकममधून आलेली दुसरी पंगत आहे. त्याला ती लागते.

मांजरं असणाऱ्यांसाठी खास: पिसवांवरचं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला लावू नका, ते त्याला विषारी आहे. माझ्या कपाटात ते होतंच, आणि तो कान खाजवताना बघून मी बाटली बाहेरही काढली होती. अंघोळही नको. उन्हाळ्यात सशाला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते. मी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवते, तो तिला टेकून लोळतो.

मैत्री मात्र उचलून होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, “जमिनीवर बस आणि काहीही करू नकोस.” मी खोलीच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायला लागले. खोकं उलटं करून त्याला दोन दारं कापली, कारण एकच दार असलेलं बीळ म्हणजे सापळा. चार दिवस फक्त नाक दिसायचं. पाचव्या दिवशी त्याने माझ्या पायाच्या बोटाचा वास घेतला आणि पळाला. नवव्या दिवशी मीटिंग चालू असताना मांडीवर चढला, आणि मी माझा मुद्दा विसरले. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यावरून मीटिंगची कल्पना करा.

हात समोरून नाकाशी न्यायचा नाही, तिथे त्याला दिसतच नाही. कडेने जाऊन कपाळावरून फिरवायचा. दात हलके कुरकुरले तर सुख. जोरात करकरले आणि अंग आखडलं तर दुखतंय. उचलावंच लागलं तर छाती आणि मागचे पाय दोन्हीला आधार द्यायचा. कान धरून कधीच नाही, झटक्याने लाथ मारली तर त्याचाच मणका मोडू शकतो.

पाय आपटणं म्हणजे ‘धोका आहे’ असा बिळातल्या बाकीच्यांना इशारा. रेकॉर्डिंगच्या वेळी खाली कुकरची शिट्टी झाली होती. बिळात मी एकटीच होते, म्हणजे इशारा मलाच होता.

पुढच्या महिन्यात त्याची नसबंदी आहे. एकटा राहू नये म्हणून नंतर जोडीदार शोधायचाय, तोही कुणीतरी सोडून दिलेलाच. पुण्यात कुठे खोकं दिसलं तर कळवा. वायर कुरतडली गेल्यामुळे पुढचा भाग एक आठवडा उशिरा येईल.