परवान्यावरची रायफल

डिसेंबर २०२०मध्ये करमाळा तालुक्यात एका बिबट्यानं तिघांचे बळी घेतले. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता आणि फडात उतरायला माणसं धजत नव्हती. पिंजरे लावून झाले, बिबट्या काही अडकेना. शेवटी वनखात्यानं त्याला ठार मारण्याचा आदेश काढला आणि बिटरगाव-वांगीच्या शिवारात त्याला टिपलं ते अकलूजच्या डॉ. धवलसिंह मोहिते-पाटील यांनी. साखर कारखाना, लावणी स्पर्धा आणि घोडेबाजार यांसाठी ओळखलं जाणारं अकलूज चार दिवस बंदुकीसाठी बातम्यांत आलं.

मला त्या बिबट्याइतकीच आणखी एक गोष्ट विचारात पाडून गेली. शिकारीला कायद्यानं आळा घातल्याला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. तरी वेळ आली तेव्हा नेमबाज साखरपट्ट्यातच सापडला. नीरेकाठच्या या टापूत बंदूक अजून टिकून आहे. ती कपाटात कुलूपबंद असते, खंडेनवमीला पूजेत मांडली जाते आणि आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा होते. बहुतेक घरांत ती बारा बोअरची, म्हणजे छर्ऱ्याची. काही मोजक्या घरांत मात्र रायफल असते, आणि रायफल म्हटलं की ती बहुधा ‘थ्री-फिफ्टीन’ असते. इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल. हा लेख तिच्याबद्दल आहे.

तिला पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीसारखी वाटते. वाटणारच, कारण सांगाडा तोच आहे. पुढचं लाकूड कमी केलंय, संगीन लावायची सोय काढलीय आणि दहाऐवजी पाच काडतुसांचं मॅगझिन बसवलंय. पण चापाच्या वरचा जो मुख्य भाग, ज्यात बोल्ट मागंपुढं सरकतो, तो जेम्स पॅरिस ली या माणसाच्या डोक्यातून निघालेला आहे. ली जन्मानं स्कॉटिश, १८३१चा. लहानपणीच कॅनडात गेला, पुढं अमेरिकेत स्थिरावला. १८७९ साली त्यानं चापाच्या पुढं, खालून बसणाऱ्या पेटीसारख्या मॅगझिनचं पेटंट घेतलं. त्याआधी बहुतेक रायफलींत एक काडतूस घाला, बार काढा, पुन्हा घाला, असा मामला होता. ज्यांत अनेक काडतुसं मावत त्यांतली बरीचशी नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागं एक बसत. लीनं ती एकावर एक रचली आणि खाली स्प्रिंग ठेवली. आजही बहुतेक लष्करी रायफलींत काडतुसं अशीच वर चढतात.

बोल्टची कल्पना त्याहून जुनी आहे. दाराची कडी जशी सरकवायची आणि मग फिरवून पाडायची, तशीच ही. प्रशियाच्या ड्रायझंनं १८३०-४०च्या दशकांत ती रायफलीत आणली. जर्मनीच्या ओबर्नडॉर्फ गावच्या पॉल माउझरनं तिला पुढं नेत नेत १८९८ साली असं रूप दिलं की आज जगात बनणाऱ्या बहुतेक शिकारी रायफली कुठं ना कुठं त्याचं देणं लागतात. माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला, काडतुसाच्या अगदी पाठीशी, दोन भक्कम कानांनी अडकतो. शिवाय मागं तिसरा कान राखीव. बाजूला लांबलचक पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून सुटतं तेव्हाच तो त्याची मागची खाच पकडतो आणि फेकून देईपर्यंत सोडत नाही. समोर जनावर चाल करून येत असताना काडतूस अर्धवट अडकलं तर काय होईल, याचा विचार या पंजात आहे.

जिम कॉर्बेटची प्रसिद्ध रायफल याच घराण्यातली. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. माउझरच्या बोल्टवर रिग्बीनं बांधलेली. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या तिच्याच गोळीनं पडला. वजनानं हलकी, गोळी बारीक. हत्ती-गव्याची शिकार करणारे तिला नाक मुरडत. कॉर्बेटला नेम महत्त्वाचा वाटायचा, आणि ते बरोबरच होतं.

ब्रिटिश लष्करानं मात्र लीचा बोल्ट घेतला. १८८८ची ली-मेटफर्ड, १८९५ची ली-एनफिल्ड आणि १९०४च्या सुमाराची आखूड ली-एनफिल्ड, हा त्या बोल्टचा वंश. लीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळं बार होताना सांगाडा किंचित ताणला जातो आणि फार जोरदार काडतूस त्याला मानवत नाही. हा दोष खरा आहे. पण त्याच रचनेमुळं बोल्ट उचलायला थोडाच फिरवावा लागतो, जवळजवळ साठ अंशांत काम भागतं. माउझरला नव्वद लागतात. वर लीच्या बोल्टची स्प्रिंग ताणली जाते ती पुढं ढकलताना, माउझरची उचलताना. हातात घेऊन दोन्ही चालवल्या की हा फरक शब्दांत सांगावा लागत नाही. माउझरला बोल्ट उचलताना मनगटावर जोर येतो. लीच्या रायफलीत बोल्ट सहज उठतो, सहज मागं येतो, आणि पुढं ढकलताना शेवटच्या इंचभरात स्प्रिंगचा दाब जाणवतो. म्हणूनच ब्रिटिश सैनिकाकडून एका मिनिटात नेम धरून पंधरा गोळ्या झाडण्याची अपेक्षा असायची.

हीच रायफल हिंदुस्थानातल्या शिकाऱ्याला हवी होती, आणि नेमकी तीच सरकारला द्यायची नव्हती.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारनं शस्त्र कायदा आणला. गोऱ्यांना सूट, देशी माणसाला परवाना. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड मोडलं गेलं. त्या काळात पुणे-सातारा-सोलापूर भागात एखाद्याच्या घरी बंदूक असणं म्हणजे काय, याची कल्पना करता येईल. परवाना असला तरी सरकारची खरी धास्ती काडतुसाची होती. बंदूक चोरीला गेली तर एकच जाते, पण लष्करी काडतूस नागरिकांच्या बाजारात मिळू लागलं की सरहद्दीवरच्या पठाणापासून इथल्या बंडखोरापर्यंत साऱ्यांच्या हातातल्या चोरीच्या लष्करी रायफली जिवंत होतात. म्हणून लष्करी मापाची काडतुसं नागरिकांना बंद. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० मापावरही अशीच बंदी आली. तेव्हा इंग्लंडच्या बंदूककारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली. वाघाच्या शिकारीच्या गोष्टींत भेटणारे हे विचित्र आकडे त्या बंदीतून जन्मले. .३०३ तर आजही आपल्या कायद्यात निषिद्ध बोअर आहे.

.३१५चा जन्मही याच पळवाटेतला. ऑस्ट्रियाच्या सैन्याचं १८९०च्या आसपासचं मॅनलिकर काडतूस होतं, ८ मिलिमीटरचं, मागं कडा असलेलं. लीच्या बोल्टलाही कडेचंच काडतूस लागतं, त्यामुळं थोड्या फेरफारात ते जमून गेलं. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर .३१५च्या शिकारी रायफली बनवल्या आणि हिंदुस्थानात खपवल्या. मशीन तेच, मजबुती तीच, पण लष्कराचं काडतूस तिला चालत नाही. सरकारला एवढंच हवं होतं. लोकांवर विश्वास नसलेल्या सरकारनं लोकांना दिलेली रायफल असं मी तिला म्हणतो, आणि स्वातंत्र्यानंतर आपण ती जशीच्या तशी चालू ठेवली हे त्यातलं खरं गमतीचं आहे.

बंगालमध्ये हुगळीकाठी इशापूरला १९०४ साली रायफल कारखाना उभा राहिला. दोन महायुद्धांत तिथून ली-एनफिल्ड बाहेर पडल्या. चीनच्या युद्धाच्या सुमारास तिथंच ७.६२ मिलिमीटरची नवी बोल्ट रायफल निघाली. लीचा सांगाडा जास्त दाब सोसेना म्हणून पोलाद सुधारून घेतलं. आणि याच छताखाली नागरिकांसाठी .३१५ स्पोर्टिंग रायफल बनत राहिली. तिची काडतुसं आपल्या खडकीची. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. जुन्या काडतुसांच्या पितळी बुडावर कोरलेलं ‘केएफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी. १ ऑक्टोबर २०२१पासून आयुध कारखान्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, आणि रायफल व काडतूस या दोन वेगळ्या कंपन्यांच्या वाट्याला गेली.

गोळी जड आणि संथ. वजन २४४ ग्रेन, म्हणजे सुमारे पावणेसोळा ग्रॅम. वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास. थ्री-नॉट-थ्रीची गोळी १७४ ग्रेनची आणि सेकंदाला सव्वासातशे मीटरच्याही वर जाणारी. त्यामुळं .३१५ लांबवर खाली झुकते. शंभर-दीडशे यार्डांपलीकडं अंदाजानं मारायचं काम नाही. पण जवळून, नरम टोकाची गोळी रानडुकरासारख्या जाड कातड्याच्या जनावरावर चांगली बसते. माळरानावरच्या काळविटासाठी ती कधीच सोयीची नव्हती. काळवीट दोनशे यार्डांच्या आत येऊ देत नाही, आणि तिथं ही गोळी खाली मुंडी घालते.

एक गोष्ट मात्र जाणकार हात दाखवल्याशिवाय राहत नाही. काडतुसं मॅगझिनमध्ये भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढं हवी. उलटं भरलं की बोल्ट पुढं जाताना वरचं काडतूस खालच्याला ओढतं आणि दोन्ही अडकतात. म्हणून भरणारा प्रत्येक काडतूस आत दाबतो, मागं ढकलतो, अंगठ्यानं चाचपतो, मगच पुढचं उचलतो. कडेच्या काडतुसाची ही खोड आहे. माउझरच्या खाचेवाल्या काडतुसाला हा त्रास नाही. पण शेतातल्या धुळीत, पावसाच्या चिखलात, वर्षातून एकदा तेल लागलेल्या अवस्थेतही लीचा सैलसर बोल्ट फिरतो. ज्या देशात बहुतेक परवानाधारक रायफल वर्षानुवर्षं कपाटात ठेवतात, तिथं हा गुण मोठा आहे.

दस्ताही दोन तुकड्यांचा. मागचा भाग एका लांब स्क्रूनं घट्ट बसवलेला असतो. तो सैल झाला की नेम बिघडतो आणि मालक नळीला दोष देतो. चांगला कारागीर आधी तो स्क्रू तपासतो. बोल्टचं डोकंही वेगळं निघतं. वेगवेगळ्या मापांची डोकी बदलून बोल्ट आणि काडतुसातलं अंतर जुळवता येतं. म्हणून एका रायफलीचा बोल्ट दुसरीत घालू नये. पाहायला दोन्ही सारखे असतात, आणि ते अंतर चुकलं तर बार मागं फुटू शकतो.

सोलापूरकरांना १९७२ दुष्काळासाठी आठवतं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढच्या वर्षांत शिकारीचे परवाने संपत गेले. १९९१च्या दुरुस्तीनंतर तर करमणुकीच्या शिकारीला जागाच उरली नाही. मला त्याचं जराही दुःख नाही. माळढोकासाठी १९७९ साली नान्नजला अभयारण्य झालं, तेव्हा तो पक्षी आधीच विरळ झाला होता, आणि बंदुकीचा त्यात वाटा होता. माणदेशी मुलखातले व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढं रानाचे लेखक झाले. सोलापूरच्याच मारुती चितमपल्लींनी आयुष्य वनखात्यात काढलं. बंदुकीनं सुरू झालेली या मुलखाची रानाची ओळख पुढं त्यांच्या लेखणीत उतरली.

रान मात्र बदललं. भाटघरचं पाणी नीरेच्या उजव्या कालव्यानं आलं, १९३२ साली माळीनगरला शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला, मग उजनी आलं. माळाचा ऊस झाला. काळवीट गेलं, डुक्कर वाढलं. जुन्नरमध्ये बिबट्यानं उसात पिल्लं घालायला सुरुवात केली, आणि करमाळ्यापर्यंत ती वाट आली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अकराव्या कलमात यासाठी दोन तरतुदी आहेत. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला मारायचं तर ते माणसाच्या जिवावर उठलंय आणि पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नाही, हे मुख्य वन्यजीव रक्षकानं लेखी ठरवावं लागतं. पिकांची नासाडी करणाऱ्या इतर काही जनावरांसाठी वेगळी परवानगी मिळू शकते.

परवानगी मिळाली म्हणून रायफल उसात न्यावी का? माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो नाही. बारा बोअरचे छर्रे थोड्या अंतरावर दम सोडतात. .३१५ची गोळी चुकली तर पाचट भेदून पुढं जाते, आणि पुढच्या फडात कोयता चालत असतो. मचाणावरून, खाली जमिनीकडं नेम धरून मारणं वेगळं. हाका घालून, उभ्या उसाच्या बांधावरून रायफल चालवणं हा वेडेपणा आहे, कितीही जुनी शिकारीची परंपरा सांगा.

२०१९च्या दुरुस्तीनं एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळं कितीतरी घरांतली तिसरी बंदूक विकावी किंवा जमा करावी लागली. त्यात या रायफलीही गेल्या असणार. पण ज्यांच्या घरात ती अजून आहे, त्यांनी एक काम टाळू नये. आजोबांचा परवाना आजोबांबरोबर संपतो. त्यांच्यानंतर रायफल तशीच घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग ती कितीही लाडाची असो. शस्त्र नियम २०१६नुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्यानं ते शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की तो हयात असतानाच वारसाच्या नावानं अर्ज करता येतो. वारसाला रायफल नको असेल तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावी. आणि कपाटातल्या जुन्या खडकी काडतुसांना हात लावण्याआधी, त्यांच्या पितळावर हिरवट थर चढलाय का ते पाहा. चढला असेल तर ती चालवू नका, जमा करा.