बेचक्याच्या आकाराची रोहिणी

कमरेच्या खाली एक मोठी रोहिणी बेचक्यासारखी दुभंगते. एक फाटा ओटीपोटात वळतो, दुसरा पायाकडे उतरतो. मधुमेही रुग्णाला बसवण्यासाठी मेंदूमृत दात्याचं स्वादुपिंड काढताना सर्जन हे बेचकंही जपून सोबत घेतात. कारण स्वादुपिंडाला रक्त दोन वाटांनी येतं, आणि त्यातल्या एका वाटेचं मूळ यकृताच्या वाटेशी सामाईक असतं. यकृत दुसऱ्या रुग्णाकडे निघालं की ते मूळही बहुतेक वेळा त्याच्याबरोबर जातं. स्वादुपिंडाकडे उरतात दोन आखूड टोकं. मग बेचक्याचे दोन हात त्या दोन टोकांना शिवायचे आणि त्याचा दांडा रुग्णाच्या उजव्या ओटीपोटातल्या रोहिणीला जोडायचा. चिमटे सुटतात, फिकट अवयव गुलाबी होतो आणि थोड्याच वेळात रुग्णाच्या रक्तातली साखर उतरू लागते. हे कितीदाही वाचलं तरी माझं नवल संपत नाही.

शंभरेक ग्रॅमच्या या अवयवात आपल्याला हवा असतो तो जेमतेम एक-दोन टक्के भाग. 1869 मध्ये पॉल लँगरहान्स या बर्लिनमधल्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे वेगळे पुंजके दिसले. इन्सुलिन तिथे तयार होतं. बाकीचं सगळं स्वादुपिंड पाचकरस बनवतं, आणि अडचण आहे ती याच रसाची. मांस पचवणारा हा रस बाहेर झिरपला तर आजूबाजूच्या भागालाच खाऊ लागतो. 17 डिसेंबर 1966 रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी स्वादुपिंडाचं पहिलं प्रत्यारोपण केलं, तेव्हा रसाची नळी बांधूनच टाकली होती. पुढे रस मूत्राशयात सोडून पाहिला, तर लघवीवाटे क्षार जाऊन शरीरातलं आम्ल वाढायचं. आता दात्याच्या लहान आतड्याचा तुकडा सोबत घेऊन तो रुग्णाच्या आतड्याला जोडतात.

त्यात हा अवयव भारी हळवा. जास्त हाताळला की सुजतो. त्याच्यातून रक्त संथ वाहतं, म्हणून गुठळी होते आणि चांगलं बसवलेलं स्वादुपिंड एका रात्रीत जातं. बर्फात ठेवलेली किडनी दिवसभर तग धरते, याला मात्र शक्यतो बारा तासांच्या आत बसवावं लागतं. दाता तरुण हवा, सडपातळ हवा. भारतात तर दर दहा लाख लोकांमागे वर्षाला मरणोत्तर दाता एकही भरत नाही.

पण मला सगळ्यात जास्त सलते ती अडचण अवयवातली नाही. अमेरिकेत 2004 नंतर दशकभर ही प्रत्यारोपणं घटत गेली. शस्त्रक्रिया कमी, म्हणून नव्या हातांना सराव कमी. सराव नाही, म्हणून जरा शंका आली की अवयव नाकारला जातो. टाइप वन मधुमेहाने किडन्या गमावलेल्या रुग्णाला पुष्कळदा फक्त किडनीबद्दलच सांगितलं जातं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किडनीसाठी त्याला जन्मभर घ्यायचीच असतात, मग त्याच वेळी इन्सुलिनच्या सुईतूनही सुटता येईल, हे त्याच्या कानावर तरी पडायला हवं. मोजक्या केंद्रांत भरपूर शस्त्रक्रिया करून हात तयार करणं, हृदय थांबून गेलेल्या दात्याच्या पोटात यंत्राने पुन्हा रक्त फिरवून अवयव पारखून घेणं, असे मार्ग आता रुळू लागले आहेत.

दुसरी वाट याहून अद्भुत आहे. अख्खा अवयव न्यायचाच नाही, त्यातले इन्सुलिन बनवणारे पुंजके तेवढे वेगळे करायचे. कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शपिरो यांच्या चमूने ते सात जणांना दिले आणि सातही जण इन्सुलिनविना राहू लागले, असं 2000 मध्ये प्रसिद्ध झालं. एका रुग्णासाठी अनेकदा दोन-दोन दाते लागतात, ही त्यातली मेख. म्हणून आता मूळपेशींपासून प्रयोगशाळेतच पुंजके वाढवतात. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 पैकी 10 जणांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं.

हे पुंजके शिरेवाटे सोडतात ते यकृतात. ज्याच्यापासून स्वादुपिंड कापून वेगळं करावं लागायचं, त्याच यकृतात ते घर करतात, आणि रुग्णाने दोन घास भात खाल्ला की साखरेचा अंदाज घेऊन इन्सुलिन सोडू लागतात.