कापसाच्या रानातले गाणे आणि चिक चॉकलेटचा बँड

ब्लूज या नावाने जगास ठाऊक झालेले गाणे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या रानांत वाढले, हे ध्यानी घेतले म्हणजे कापसाचा बाजार आणि उस्मानशाही गिरणी यांच्या आधाराने ज्याची भरभराट झाली त्या नांदेडच्या वाचकास ते सर्वस्वी परके वाटू नये. कायद्याने गुलामगिरीतून सुटलेली, परंतु जमीनदाराच्या हिशेबवहीत अडकून राहिलेली कृष्णवर्णीय कुळे शेतात राबताना जे गात, त्यात एकाने ओळ उचलावी आणि इतरांनी ती झेलावी अशी, आपल्या सुगीतल्या भलरीसारखीच, रीत होती. पुढे त्यातूनच ब्लूजचा साचा ठरला: चार मात्रांचे 12 विभाग, म्हणजे 48 मात्रांचे आवर्तन, षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेले तीन स्वरसमूह, पहिली ओळ दोनदा म्हणून तिसरीने दिलेले उत्तर, आणि कोमल व शुद्ध यांच्या मधोमध कोठेतरी आंदोलित राहणारा गंधार, ज्यात या गाण्याचे सारे दुःख साठलेले असते. याच साच्याची लय वाढवून दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात दिला की बहुतांशी रॉक अँड रोल तयार होते.

हे संगीत आपल्याकडे आणण्याचे श्रेय प्रामुख्याने गोमंतकीय वादकांचे. पोर्तुगीज अंमलात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेली ही मंडळी उदरनिर्वाहासाठी मुंबईस आली. त्यांतील हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांचे दैवत ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग, ज्याने 1928 साली ‘वेस्ट एंड ब्लूज’ ध्वनिमुद्रित करून या वाद्यास नवी वाणी दिली. चिक यांचा बँड ताज हॉटेलात वाजू लागला आणि लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

तथापि हॉटेलातील नृत्यगृहाचा उंबरठा सामान्य रयतेस ओलांडता येत नव्हता. तो ओलांडून दिला पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी. शास्त्रोक्त गायनाचे शिक्षण घेतलेल्या या संगीतकाराने चिक यांना साहाय्यक म्हणून जवळ केले, आणि भगवानदादांच्या ‘अलबेला’ (1951) चित्रपटात तर झालरीचे सदरे घातलेला तो बँडच पडद्यावर आला. 1956 च्या 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला; पुढच्याच वर्षी सी. रामचंद्रांचा ‘आशा’ आला आणि ‘ईना मीना डीका’ या गाण्याने रॉक अँड रोल हिंदी चित्रपटगीतात थाटाने प्रविष्ट झाले.

श्रेयनामावलीत ठळक अक्षरे संगीतकाराची असत. वाद्यमेळाची कागदावर मांडणी करणारे आणि ती वाजवणारे बहुधा अनामिकच राहिले. माझ्या मते हा त्यांच्यावर झालेला उघड अन्याय आहे. चिक चॉकलेट 1967 साली निवर्तले, आणि ज्यांच्या कानांवर त्यांचा ट्रम्पेट पडत आला त्यांतील बहुतेकांस त्यांचे नावही ठाऊक नाही. वरातींतून ‘अलबेला’तले ‘शोला जो भडके’ वाजवणाऱ्या लातूर-नांदेडच्या बँडमास्तरांनी शिकाऊ मुलांना ती चाल बसवून देताना सी. रामचंद्रांबरोबर हळदोण्याच्या या वादकाचेही नाव सांगावे, एवढी विनंती आहे.