मंगळाच्या हवेचा तंटा

मंगळावरील कालव्यांची हकिगत मराठी वाचकांस नवी नाही. त्या कालव्यांनी मला कधी फारसे मोहविले नाही. परंतु त्यांतून पाणी वाहावयाचे तर त्या ग्रहावर पुरेशी दाट व ओलसर हवा असली पाहिजे, आणि ती आहे की नाही यावरून दोन अमेरिकी वेधशाळांत जो तंटा पेटला, त्याचा नाद मला तरुणपणी जडला तो आजतागायत सुटलेला नाही. त्यांतील एक पक्षकार, कालव्यांचे पुरस्कर्ते फ्लॅगस्टाफचे पर्सिव्हल लॉवेल, जगप्रसिद्ध आहेत. दुसरे, कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल, यांचे नाव आपल्याकडे क्वचितच कोणी घेतो, आणि हा मला अन्याय वाटतो.

मूळ अडचण अशी होती की, मंगळाचा प्रकाश आपल्याच हवेतून गाळून खाली येतो, आणि आपल्या हवेतील बाष्प वर्णपटावर ज्या काळ्या रेषा उमटविते, त्याच रेषा मंगळावरील बाष्पही उमटविणार. मग कोणती रेषा कोणाच्या खाती मांडावी? १८६७ साली विल्यम हगिन्स आणि ज्यूल जान्सन यांनी मंगळावर बाष्प असल्याची ग्वाही दिली होती. कॅम्पबेल यांनी १८९४ साली चंद्राला साक्षीस बोलाविले. चंद्रावर हवा नाही. म्हणून त्याच्या प्रकाशात दिसणाऱ्या बाष्परेषा निखालस पृथ्वीच्या, आणि मंगळाच्या रेषा त्यांहून गडद ठरतील तरच वरची शिल्लक मंगळाची. आकाशात दोघे सारख्या उंचीवर असताना त्यांनी वर्णपट ताडून पाहिले. फरक आढळला नाही. हगिन्स यांनी पुन्हा वेध घेऊन आपला दावा कायम ठेवला.

१९०८ साली लॉवेल यांचे सहकारी व्हेस्टो स्लायफर यांनी मंगळाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली आणि फ्रँक व्हेरी यांनी त्यांची मोजणी करून मंगळाच्या रेषाच अधिक गडद असल्याचा निर्वाळा दिला. यावर कॅम्पबेल यांनी जे केले त्याबद्दल मला त्यांचा मनस्वी आदर वाटतो. केवळ लेखांस प्रतिलेख लिहीत न बसता, जेथे डोक्यावरची हवा शक्य तितकी विरळ व कोरडी असेल अशा ठिकाणी जाऊन फेरतपासणी करावी, या हेतूने सप्टेंबर १९०९च्या आरंभी ते सारा सरंजाम घेऊन माउंट व्हिटनीच्या माथ्यावर, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, गेले. स्मिथसोनियन संस्थेने त्याच वर्षी तेथे दगडी निवारा बांधला होता, आणि चंद्र व मंगळ त्या रात्री आकाशात एकमेकांच्या जवळ होते. निकाल तोच लागला. तथापि मंगळावर हवाच नाही असे ते म्हणाले नाहीत; आपल्या पद्धतीला सापडेल इतके बाष्प तेथे नाही, एवढेच म्हणाले. दाव्यापेक्षा तसूभरही अधिक न बोलण्याचा हा संयम लॉवेल यांच्यापाशी नव्हता.

तंट्याची खरी किल्ली मात्र लॉवेल यांनीच सुचविली होती. मंगळ पृथ्वीजवळ येत किंवा दूर जात असताना त्याच्या रेषा वेगामुळे किंचित सरकतात, पृथ्वीच्या रेषा जागच्या जागी राहतात. तेव्हा दोहोंची फारकत करता येईल. १९०५ साली स्लायफर यांनी हा प्रयत्न करून पाहिला, पण तो सफल झाला नाही. १९१०च्या आरंभी कॅम्पबेल यांनी हीच युक्ती वापरली, आणि सरकलेली रेषा त्यांस दिसली नाही.

ती दिसण्यास १९६३ साल उजाडावे लागले. एप्रिलमध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर घेतलेल्या वर्णपटाच्या एका छायाचित्र-काचेवर हायरन स्पिनरॅड, ग्विडो म्युंच आणि लुइस कॅप्लन यांना पृथ्वीच्या ठळक बाष्परेषांच्या कडेला त्यांच्या अगदी फिकट जोडीदारणी आढळल्या. मंगळावरील सारे बाष्प द्रवरूप करून पसरले तर थर भरेल सुमारे १४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सत्तरावा हिस्सा. कॅम्पबेल यांस ते सापडणे शक्यच नव्हते. त्याच काचेवर कार्बन डायऑक्साइडच्या क्षीण रेषाही होत्या. क्षीण रेषांवरून वायूचे प्रमाण कळते, आणि जेरार्ड कायपर यांनी १९४७ साली शोधलेल्या ठळक पट्ट्यांवर प्रमाणाबरोबर दाबाचाही परिणाम होतो. दोन्ही जुळविता दाब निघाला सुमारे २५ मिलिबार. तोवर सर्वमान्य असलेला आकडा ८५चा होता, कारण हवेत तरंगणाऱ्या धुळीने विखुरलेला प्रकाशही हवेच्याच नावे जमा धरला गेला होता. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाच्या आड जाताना त्याचे रेडिओसंदेश ग्रहाच्या हवेतून वाकून आले, आणि आकडा ४ ते ७ वर उतरला. आपल्याकडे समुद्रकाठी तो १,०१३ असतो. केवळ हवाई छत्रीच्या भरवशावर तेथे उतरण्याचे बेत त्यामुळे निकालात निघाले.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट लेटन आणि ब्रूस मरी यांनी उष्णतेचा हिशेब मांडून दाखविले की, ध्रुवांवर शून्याखाली सुमारे १२५ अंशांच्या थंडीत ही हवाच हिमरूपाने गोठते, आणि म्हणून साऱ्या ग्रहाचा दाब ऋतूंप्रमाणे चढतो-उतरतो. १९७६ साली उतरलेल्या व्हायकिंग यानांनी ते प्रत्यक्ष नोंदविले: दक्षिण गोलार्धाचा हिवाळा लांबलचक असल्याने त्या काळी दाब सर्वांत खाली जातो, आणि वर्षभरात जवळजवळ चतुर्थांश हवा जमिनीवर येऊन पुन्हा उडून जाते. ही हवा किती कोरडी आहे याचा पहिला प्रामाणिक अंदाज कॅम्पबेल यांचा होता, आणि मंगळाच्या इतिहासात लॉवेल यांच्याइतकीच जागा त्यांना दिली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.