बास्केटबॉलमध्ये धक्का लागला की फाऊल होतोच का? पंच नेमकं काय बघतात?

शहापूर-मुरबाडकडच्या पोरांना कबड्डी वेगळी शिकवावी लागत नाही. चढाईला आलेल्याचा पाय धरायचा, कंबर पकडायची, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. तोंड दाबणं, गळा आवळणं चालत नाही, पण पकड हाच तिथे खेळ. अशी सवय असलेला खेळाडू शालेय बास्केटबॉल स्पर्धेत उतरला की मात्र गोंधळतो. नुसता हात लावला तरी शिट्टी वाजते. आणि कधी बचाव करणारा उताणा पडतो, तरी फाऊल त्याला नाही, धडकणाऱ्याला मिळतो.

असं का होतं?

जागा कोणाची?

धक्का किती जोरात लागला, एवढ्यावर फाऊल ठरत नाही. ती जागा आधी कोणी घेतली होती, हे पंच बघतात. फिबाच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक नळकांडं असतं. त्यातली जागा त्याची, अगदी वरची हवासुद्धा. म्हणून बचावपटूने हात सरळ वर करून जागच्या जागी उडी मारली आणि शूट करणारा येऊन आदळला, तर चूक बचावपटूची नाही.

बचावपटूने काय करायचं?

प्रतिस्पर्ध्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर, ही पहिली अट. त्यानंतर तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो. पुतळ्यासारखं उभं राहायची गरज नाही. चेंडू घेऊन येणारा त्याच्या छातीवर धडकला तर तो चार्जिंगचा फाऊल. बचावपटू उशिरा आडवा आला तर ब्लॉकिंग. समोरच्याकडे चेंडू नसेल, तर त्याला थांबायला किंवा वळायला साधारण एक ते दोन पावलांची जागा द्यावी लागते.

रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ असतं. हवेतून येणाऱ्याला तिथे उभं राहून चार्जिंगचा फाऊल सहसा मिळवता येत नाही.

उतरायची जागा

एकदा खेळाडूने उडी मारली की त्याच्या पायाखाली सरकायचं नाही. मे २०१७ मध्ये एनबीएच्या सामन्यात झाझा पाचुलियाचा पाय शूट करून उतरणाऱ्या क्वाय लेनर्डच्या पायाखाली आला. लेनर्डचा घोटा मुरगळला आणि तो उरलेल्या मालिकेत खेळूच शकला नाही. पुढच्या हंगामापासून एनबीएने अशा बचावावर पंचांना जास्त कडक शिक्षेचा अधिकार दिला.

चुकीच्या शिट्टीची किंमत

फिबाच्या नियमांत पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि त्यातल्या कामगिरीवर दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुणही मिळू शकतात. म्हणजे एका निर्णयाचा फटका मैदानाबाहेरही बसतो.

पुढच्या वेळी सामना बघताना चेंडूवरची नजर क्षणभर काढा आणि बचावपटूचे पाय बघा. पंचही तेच बघत असतात.