दूरच्या मशीनचे अपडेट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदियापासून मध्य प्रदेशातले बालाघाट चाळीसेक किलोमीटरवर. राज्य बदलते, बाजारातली बोली फारशी बदलत नाही. मराठी, पोवारी आणि हिंदी एकाच दुकानात ऐकू येतात. बदलतो तो पुढचा रस्ता. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाचा, बैहरकडे जायचे तर साठ-सत्तर किलोमीटरचा घाटरस्ता, आणि त्याही पलीकडे कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा मुक्की दरवाजा.

या जंगलातही आता जागोजागी संगणक आहेत, फक्त त्यांना कोणी संगणक म्हणत नाही. रेशन दुकानातले ई-पॉस म्हणजे नुसते ‘मशीन’. वनरक्षकांची गस्त नोंदवणारे एम-स्ट्राइप्स ॲप मोबाइलवर चालते. मोबाइलचा टॉवर, बँकेचे एटीएम आणि विजेचा स्मार्ट मीटर ही याच जातीची यंत्रे. देशात सुमारे ५.४ लाख रेशन दुकाने आहेत आणि जवळपास सगळ्यांत ई-पॉस पोहोचले आहे. जून २०२१मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या वीज वितरण योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे लक्ष्य होते. इतक्या यंत्रांचे सॉफ्टवेअर माणूस पाठवून बदलणे शक्य नाही, ते दुरूनच बदलावे लागते. ते कसे बदलतात याविषयी वापरणाऱ्यांत गैरसमज आहेतच, पण काही गैरसमज अपडेट पाठवणाऱ्या कार्यालयांतही मुरलेले आहेत.

गैरसमज: चालू मशीनला हात लावू नये.

वस्तुस्थिती: मशीनला हात लावला नाही, तरी त्याच्याभोवतीचे जग बदलत राहते. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस पसरला १२ मेला, म्हणजे ५९ दिवसांनी. तोवर ज्यांनी दुरुस्ती बसवली नव्हती, ते सापडले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला, शस्त्रक्रिया आणि तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या.

हल्ला झाला नाही तरी जुने यंत्र एक दिवस अडतेच. सर्व्हरशी सुरक्षित बोलण्यासाठी यंत्रात डिजिटल प्रमाणपत्रे असतात आणि त्यांना मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी इंटरनेटवर फार मोठ्या प्रमाणात वापरले जाणारे एक मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले आणि वर्षानुवर्षे अपडेट न झालेल्या अनेक उपकरणांना चांगल्या चालू वेबसाइटही ओळखता येईनाशा झाल्या. दुकानात असे घडले तर गिऱ्हाईक म्हणणार ‘सर्व्हर डाऊन’. सर्व्हर ठणठणीत असतो; मशीनच त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नसते.

गैरसमज: धोका नव्या सॉफ्टवेअरचा, छोटी फाईल किंवा एखादा आदेश पाठवायला कसली भीती?

वस्तुस्थिती: अलीकडचा सर्वांत मोठा घोटाळा एका छोट्या फाईलनेच केला. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरच्या विंडोज संगणकांना हल्ले ओळखण्याच्या माहितीची एक फाईल पाठवली. फाईलला २१ नोंदी अपेक्षित होत्या, प्रोग्राम २०च पुरवत होता. ही तफावत पकडणाऱ्या तपासणी-प्रोग्राममध्येही चूक होती, म्हणून फाईल पास झाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांच्या हातात पडले.

यातली मेख अशी की ही कंपनी आपले मुख्य सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने देत असे, ग्राहकाला एक आवृत्ती मागे राहण्याची मुभाही होती. ही शिस्त ‘फक्त माहितीची’ म्हणून या फाईलला लागू नव्हती. नंतर ती लागू करण्यात आली.

आदेशाचे उदाहरण घरचे आहे. १२ ऑगस्ट २०२०, जन्माष्टमीचा दिवस. उत्तर प्रदेशात दीड लाखांच्या आसपास स्मार्ट मीटरधारकांची वीज अचानक गेली. तारा तुटल्या नव्हत्या, मीटरही बिघडले नव्हते. वीज तोडण्याचा चुकीचा आदेश यंत्रणेतून सुटला आणि मीटरांनी तो इमानेइतबारे पाळला. सणाच्या रात्री लोक अंधारात बसले आणि चौकशी लागली.

म्हणून जाणती यंत्रणा अपडेट, सेटिंग आणि आदेश या तिन्हींना एकच नियम लावते: एका तासात किती यंत्रांपर्यंत जायचे याची मर्यादा, दोन वेगळ्या माणसांची मंजुरी, आणि बिघाडाचे प्रमाण ठरलेल्या आकड्यापुढे गेले की आपोआप थांबणे.

गैरसमज: कार्यालयात चाचणी झाली, शहरातल्या काही मशीनवर चालले, आता सगळीकडे सोडा.

वस्तुस्थिती: शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. मशीनचे तसे नाही. बालाघाट शहरातल्या नव्या मशीनला ४जी मिळते, दिवसभर वीज असते. बैहर किंवा परसवाड्याकडच्या एखाद्या दुकानात मशीन जुन्या मॉडेलचे, बॅटरी थकलेली आणि नेट कधी पकडेल याचा नेम नाही. नक्षलप्रभावित भागांतल्या २,३४३ टॉवरांना २जीवरून ४जीवर नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती एप्रिल २०२२मध्ये. यावरून आधीचा वेग कसा असेल याची कल्पना यावी.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला ४० किलोबिट वेगाने ४० मेगाबाइटची फाईल उतरवायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, तेही मध्ये एकदाही संपर्क तुटला नाही तर. पूर्ण फाईलऐवजी जुन्या-नव्यातला फरक तेवढा पाठवला आणि तो दोन मेगाबाइटचा निघाला, तर तेच काम सात मिनिटांत होते.

म्हणूनच पहिल्या तुकडीत चांगली मशीन निवडणे ही स्वतःची फसवणूक ठरते. त्या तुकडीत प्रत्येक मॉडेलचे एक तरी यंत्र हवे, सर्वांत कमकुवत नेटवाले हवे, सर्वांत जुनी आवृत्ती असलेलेही हवे. मग शंभरात एक, मग दहा, मग अर्धी. दोन टप्प्यांमध्ये थांबायचे ते काही तास नव्हे. रेशनच्या मशीनचा खरा कस वाटपाच्या गर्दीत लागतो, तेव्हा ते दिवस जाऊ द्यावे लागतात.

गैरसमज: अपडेट चालू असताना लाइट किंवा रेंज गेली की मशीन कायमचे बसते.

वस्तुस्थिती: जुन्या पद्धतीत ही भीती खरी होती, कारण चालू सॉफ्टवेअरवरच नवे लिहिले जाई. अर्ध्यात वीज गेली की धड जुने नाही, धड नवे नाही. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून दोन कप्प्यांची पद्धत फोनमध्ये आली आणि अनेक दूरस्थ यंत्रांत आज तीच वापरतात.

आत घडते ते असे. मशीन पहिल्या कप्प्यावर रोजचे काम करत असते. दुसरा कप्पा वापरात नसतो, त्यात नवी फाईल तुकड्या-तुकड्याने उतरते. रेंज गेली तर जिथे थांबले तिथून पुढे. सगळे तुकडे आले की बेरीज जुळते का ते पाहिले जाते, मग पाठवणाऱ्याची डिजिटल सही. दोन्ही जुळले तरच ‘पुढच्या वेळी दुसऱ्या कप्प्यावरून सुरू हो’ अशी खूण केली जाते. मशीन नव्याने सुरू झाल्यावर स्वतःची तपासणी करते: अंगठा वाचणारा सेन्सर जागा आहे का, पावतीचा प्रिंटर उत्तर देतो का. तपासणी ठरलेल्या वेळेत पुरी झाली नाही, तर वॉचडॉग नावाचा घड्याळासारखा भाग मशीन पुन्हा सुरू करतो आणि काही प्रयत्नांनंतर मशीन जुन्या कप्प्यावर परत येते.

या तपासणीत एक खोच आहे. ‘सर्व्हरशी संपर्क झालाच पाहिजे’ अशी अट त्यात घातली, तर रेंज नसलेल्या गावात चांगले अपडेटही नापास ठरून परत जाईल. अट अजिबात ठेवली नाही, तर ज्या अपडेटने मोडेमच बंद पाडला ते पास होईल आणि मशीन कायमचे मुके राहील. म्हणून सेन्सर-प्रिंटरची तपासणी लगेच घेतात आणि संपर्कासाठी काही दिवसांची सवड देतात.

आणि मशीन फार दूर आहे, ही सबब तर ‘व्हॉयेजर १’ या अवकाशयानापुढे टिकत नाही. १९७७मध्ये निघालेल्या या यानाच्या एका संगणकातली मेमरीची चिप नोव्हेंबर २०२३मध्ये निकामी झाली. यान सुमारे २४ अब्ज किलोमीटरवर, संदेश एका बाजूने पोहोचायला साडेबावीस तास. नासाच्या अभियंत्यांनी त्या चिपमधला प्रोग्राम तुकडे करून मेमरीत इतरत्र हलवला. १८ एप्रिल २०२४ रोजी आदेश गेला, २० एप्रिलला उत्तर आले, यान शुद्धीवर होते.

गैरसमज: अपडेट रात्री दोन वाजता पाठवावे, म्हणजे कोणाला त्रास नाही.

वस्तुस्थिती: हा नियम डेटा सेंटरमधल्या सर्व्हरसाठी ठीक आहे, तो तिथूनच आला. दुकान बंद झाले की हातात मावणारे मशीन बंद करून कपाटात ठेवतात. रात्री दोनला पाठवलेली फाईल घ्यायला कोणी जागे नसते. सकाळी दहाला सेल्समन मशीन चालू करतो, रांग लागलेली असते आणि नेमके तेव्हाच ‘अपडेट होत आहे’ असे दिसू लागते. रात्रीचे अपडेट प्रत्यक्षात गर्दीच्या वेळचे ठरते.

उपाय अवघड नाही. फाईल दिवसभर सवडीने उतरू द्यावी, पण ती बसवण्याचा क्षण मशीनवाल्याच्या हातात असावा: आज संध्याकाळी, चार्जर लावून, अमुक तारखेच्या आत.

गैरसमज: डिजिटल सही खरी असली की अपडेट सुरक्षित.

वस्तुस्थिती: सही एवढेच सांगते की फाईल त्याच कंपनीकडून आली आणि वाटेत बदलली नाही. कंपनीच्या घरातच चोर शिरला असेल तर? २०२०मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसखोरांनी अपडेट तयार होतानाच त्यात आपला कोड मिसळला. सही अस्सल होती. सुमारे १८ हजार ग्राहकांकडे ते अपडेट गेले.

महाराष्ट्राने याची झळ त्याआधीच सोसली होती. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून बाहेर पडला आणि मार्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला. कंपनीच्या समूहाकडून चालवले जाणारे उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातले टर्मिनलही त्यात अडकले आणि कंटेनरची कामे खोळंबली. युक्रेनमधल्या करसल्लागारांच्या सॉफ्टवेअरचा फटका उरणच्या ट्रकवाल्यांना बसला, तो असा.

आणि अपडेट अस्सल, निर्दोष असूनही पत्ता चुकू शकतो. ऑगस्ट २०१७मध्ये लॉकस्टेट या अमेरिकी कंपनीने एका मॉडेलच्या स्मार्ट कुलपांसाठीचे अपडेट दुसऱ्या मॉडेलला पाठवले. सुमारे ५०० ग्राहकांच्या दारावरचे अंकपॅड बंद पडले आणि दुरूनही दुरुस्त करता येईनात. कुलपे कंपनीकडे परत पाठवावी लागली. ‘हे माझ्या मॉडेलसाठी आहे का?’ हा प्रश्न यंत्राने स्वतः विचारायला हवा. पाठवणाऱ्याच्या यादीवर विसंबून चालत नाही.

गैरसमज: चूक झालीच तर मागे घेता येते.

वस्तुस्थिती: क्राउडस्ट्राइकने सदोष फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली. त्या वेळी बंद असलेले संगणक त्यामुळे वाचले. जे आधीच कोसळून पुन्हापुन्हा सुरू होत होते, त्यांना मागे घेतल्याचा निरोप पोहोचणार कसा? अनेक ठिकाणी माणसाला यंत्रापुढे बसून ती फाईल हाताने पुसावी लागली. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी तिची लांबलचक किल्ली शोधायची.

मागे जाण्यात आणखी दोन अडचणी असतात. नव्या आवृत्तीने नोंदी वेगळ्या पद्धतीने साठवल्या असतील, तर जुनीला त्या वाचता येत नाहीत. आणि मागची आवृत्ती सुरक्षेच्या भगदाडामुळेच बदललेली असेल, तर तिच्याकडे परतण्याची वाट मुद्दाम बंद ठेवलेली असते, नाहीतर हल्लेखोरच यंत्राला मागे ढकलेल. मागे येण्याची चाचणीही पुढे जाण्याच्या चाचणीइतकीच काटेकोर घ्यावी लागते, आणि तीही अपडेट सोडण्याआधी.

गैरसमज: पडद्यावर ९८ टक्के हिरवे दिसले, काम फत्ते.

वस्तुस्थिती: समजा, ५०० मशीनपैकी १० उरली. ती दहा चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. जिथे टॉवर नाही, रस्ता पावसात बंद होतो, तिथलीच ती असतात, आणि बहुतेक एकाच तालुक्यातली. जिल्ह्याच्या सरासरीत दोन टक्के दिसणारा आकडा त्या दहा गावांसाठी शंभर टक्के असतो.

अशी मशीन महिनोन्‌महिने झोपून अचानक जागी होतात, तेव्हा मधल्या तीन आवृत्त्या ओलांडून थेट चौथीवर जाता येते का, हे आधी तपासलेले असावे लागते. तोवर सर्व्हरने जुन्या आवृत्तीचे बोलणेही ऐकत राहायचे असते. अमुक तारखेपासून जुने बंद, असा आदेश काढण्यापूर्वी त्या दहा गावांची यादी नावानिशी टेबलावर हवी. तरीही जी मशीन उरतील त्यांच्यासाठी मेमरी कार्डावर फाईल घालून माणूस पाठवावा लागतो. त्याचा जीपचा खर्च निविदेत धरलेला नसला, तर मशीन पिशवीत घालून मोटारसायकलवरून तालुक्याला नेण्याचे काम सेल्समनच्या गळ्यात पडते आणि त्या दिवशी दुकान बंद राहते.